डॉ. जब्बार पटेल यांचा सिनेमा आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाचं व्याख्यान म्हटलं की विषय बहुधा ठरलेले असतात. बुद्ध आणि त्यांचा धम्म, भारतीय राज्यघटना, बाबासाहेबांचे शैक्षणिक विचार. हे विषय मोठेच आहेत आणि आमच्यापेक्षा विद्वान वक्ते त्यांवर याच व्यासपीठावरून बोलून गेले आहेत. आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या बैठकीत आणि अशा सभांमधून. म्हणून यंदा आम्ही समितीकडे थोडा वेगळा विषय मागून घेतला. तो म्हणजे सिनेमा, आणि त्यातही एका माणसाचा सिनेमा, डॉ. जब्बार पटेल यांचा.

विहारात सिनेमावर भाषण कशाला, असं काहींच्या मनात येणं साहजिक आहे. त्याचं उत्तर आधी देतो. आपली चळवळ आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत पोचली ती पुस्तकांतून पोचली नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत ती पोचली भीमराव कर्डकांच्या जलशातून, वामनदादांच्या गाण्यांतून, गावोगावच्या गायन पार्ट्यांतून. दिवसभर राबून आलेली बाई रात्री कंदिलाच्या उजेडात जलसा ऐकायची आणि सकाळी मेलेलं ढोर ओढायला नकार द्यायची. कलेची ताकद आपल्या समाजाने अशी अनुभवलेली आहे. आज जलशाची जागा पडद्याने घेतली. पूर्वी म्हसाच्या जत्रेत वर्षातून एकदा तंबूतला सिनेमा बघायला मिळाला तर मिळायचा. आता तो पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. आपली पोरं पुस्तकापेक्षा जास्त वेळ त्या पडद्याकडे बघतात. मग त्या पडद्यावर कोण दिसतं, कोण दिसत नाही, आणि दाखवणारा कुठे उभा राहून दाखवतो, याचा विचार विहारात करायचा नाही तर कुठे करायचा?

जब्बार पटेल यांचा जन्म २३ जून १९४२ चा, पंढरपूरचा. शिक्षण सोलापुरात झालं. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर झोपणारं. तिथून पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जाऊन ते डॉक्टर झाले, लहान मुलांचे डॉक्टर. त्यांच्या पत्नी मणी पटेल याही डॉक्टर. दोघांनी दौंडला दवाखाना थाटला. दौंड हे रेल्वेचं जंक्शन, आजूबाजूला खेडी. तेव्हा हा माणूस दिवसा पेशंट तपासायचा आणि उरलेल्या वेळात पुण्याला जाऊन नाटकाच्या तालमी घ्यायचा. पुढे एवढं नाव झालं त्या माणसाची सुरुवात ही अशी आहे. पोटापाण्याचा धंदा एक आणि ध्यास दुसरा. आपल्यातले जे तरुण कारखान्यात पाळी करून रात्री अभ्यासिकेत येतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकामुळे. लेखक विजय तेंडुलकर. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. पेशवाईतला नाना फडणवीस आणि त्याने उभा केलेला कोतवाल यांची ती गोष्ट. पुण्यात मोठा गदारोळ झाला. ज्या संस्थेने नाटक केलं होतं तिने एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं. तेव्हा जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर वगैरे तरुण मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी १९७३ साली थिएटर अॅकॅडमी ही आपली संस्था काढली. नाटक पुन्हा उभं केलं. १९८० साली ते युरोपात घेऊन गेले, तेव्हाही विरोध झाला. आपल्याला या प्रकरणातून घ्यायचं ते इतकंच की, दार बंद झालं तर दारापाशी रडत न बसता स्वतःचं घर बांधायचं. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो याच न्यायाने. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात आपली बाजू छापून येईना, तेव्हा ३१ जानेवारी १९२० रोजी स्वतःचं पत्र सुरू झालं.

आता सिनेमाकडे येतो. पहिला चित्रपट ‘सामना’, १९७५ साली आला. लिहिला तेंडुलकरांनी. निर्माते होते रामदास फुटाणे, जे चित्रकलेचे शिक्षक होते. साखर कारखान्याच्या जोरावर सगळा इलाखा मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील झाले निळू फुले. निळूभाऊ कोण, तर पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला आणि सेवादलाच्या कलापथकात वाढलेला माणूस. समोर डॉ. श्रीराम लागू, एक दारूत बुडालेला जुना गांधीवादी मास्तर. या मास्तरला गावात एक नाव ऐकायला मिळतं, मारुती कांबळे. हा मारुती कांबळे आता गावात नाही. त्याचं काय झालं, हे कोणी बोलत नाही. मास्तर विचारत सुटतो. जेवताना विचारतो, बैठकीत विचारतो, पाटलाच्या तोंडावर विचारतो. त्याच्या हातात ना सत्ता, ना पैसा, ना माणसं. नुसता एक प्रश्न. आणि तेवढ्या प्रश्नाने त्या जबरदस्त माणसाचं आसन डळमळायला लागतं.

हा चित्रपट त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. परंतु आपल्याला बर्लिनपेक्षा मारुती कांबळे जवळचा. कांबळे हे आडनाव ऐकलं की आपल्या वस्तीतल्या माणसाचे कान आपोआप टवकारतात. गावगाड्यात नाहीशी झालेली, दडपलेली, विहिरीत सापडलेली माणसं आपल्या आठवणीत आहेत. त्यांच्या चौकशा कागदावर सुरू झाल्या आणि कागदावरच संपल्या. त्या अगोदरच्या मराठी सिनेमात पाटील होता, तमाशा होता, इरसाल माणसं होती, पण गावातून नाहीसा झालेला माणूस कुठे गेला हे विचारणारा कोणी नव्हता. आम्ही जब्बार पटेलांना मानतो ते या एका गोष्टीसाठी. त्यांचे पुढचे चित्रपट बारकाईने पाहिले तर प्रत्येकात हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारलेला दिसतो. ज्याला सगळ्यांनी विसरायचं ठरवलं आहे, त्या माणसाचं काय झालं?

१९७७ साली त्यांनी ‘जैत रे जैत’ केला. तो तर आपल्या अगदी दारातला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ठाकर आदिवासींचा आहे. गोष्ट रायगडकडच्या डोंगरातली असली तरी ठाकर आपल्याला नवे नाहीत. माहुलीच्या पायथ्याला, डोळखांबच्या रानात, सिद्धगडाच्या आणि माळशेजच्या अंगाला ठाकरवाड्या आहेतच. मोहन आगाशे झालेत नाग्या, स्मिता पाटील झाली चिंधी. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. लग्नाच्या वरातीत आपण ती वाजवतो. पण गोष्ट कितीजणांच्या ध्यानात आहे?

नाग्या हा भगताचा मुलगा. पुण्यवान माणसाला राणीमाशी दिसते, असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. तो सगळं नीतीने करतो आणि तरीही माशीच्या डंखाने त्याचा डोळा जातो. मग तो पेटून उठतो. आपण पाप केलं नसताना ही शिक्षा का, याचा जाब तो देवाला आणि राणीमाशीला विचारतो आणि लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायला निघतो. त्या हट्टापायी चिंधीचा जीव जातो. नशिबाला शरण न जाता देवालाच कारण विचारणारा हा माणूस शाळेत गेलेला नाही, त्याने ग्रंथ वाचलेला नाही. विनाकारण सोसायचं नाही, कारण शोधायचं, ही तर बुद्धाची शिकवण. ती एका ठाकराच्या तोंडी दिसली याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. नाग्या जाब विचारायला निघाला तो मात्र सूडाच्या वाटेने, आणि त्याची किंमत चिंधीने मोजली, हेही चित्रपट लपवत नाही.

इथे आम्ही थोडं स्पष्ट बोलणार आहोत, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत. कातकऱ्यांची कुटुंबं दिवाळी झाली की कल्याण-भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाल्याने आगाऊ दिलेली उचल फेडता फेडता पावसाळा तोंडावर येतो. या मधल्या काळात पोरगं शाळेच्या हजेरीत गैरहजर लागत जातं आणि एक दिवस त्याचं नावच दिसेनासं होतं. त्या पोराचं काय झालं? मास्तर विचारत नाही, सरपंच विचारत नाही. मग आपण तरी विचारतो का? शतकानुशतकं ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी डोंगरावरच्या वाडीला आपल्या वेशीबाहेर ठेवू नये. आपल्या बुद्ध पौर्णिमेच्या भोजनाला शेजारच्या वाडीतली चार माणसं येऊन बसतात का, याचा प्रत्येक गावाने विचार करावा. ‘जैत रे जैत’ची गाणी वाजवणं सोपं आहे. त्या गाण्यातल्या माणसाला ताट वाढणं हे खरं काम.

पुढचे दोन-तीन चित्रपट थोडक्यात सांगतो. १९७९ चा ‘सिंहासन’ हा अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरचा. मंत्रालयातलं राजकारण, मुख्यमंत्र्याची खुर्ची, तिच्यावर टपलेले मंत्री, आणि हे सगळं बघून आतून खचत जाणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे पुन्हा निळू फुले. त्यात सतीश दुभाषी यांनी केलेला डिकास्टा नावाचा कामगार पुढारी आहे. आम्हा गिरणीवाल्यांना तो फार विचार करायला लावतो. संप कोणाचा, पुढारी कोणाचा आणि त्यातून सौदा कोणाचा होतो, हे त्यात दिसतं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. शहापूर-मुरबाडची कितीतरी घरं त्या पगारावर उभी होती. कित्येक जण कायमचे गावाला परतले. गिरण्यांच्या जागेवर आता टॉवर उभे आहेत. टॉवरचं चित्र सगळीकडे छापून येतं. त्या कामगाराचं काय झालं, हे कोण विचारतो?

‘उंबरठा’ १९८२ सालचा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. सुलभा महाजन नावाची सुशिक्षित, खात्यापित्या घरची बाई घर, नवरा, मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. तिथला भ्रष्टाचार आणि तिथल्या बायांचे हाल बघून लढते. परत आली तर घरातली तिची जागा गेलेली असते. तेव्हा ती तो उंबरठा पुन्हा ओलांडते. स्मिता पाटीलने ही भूमिका अशी केली की बघणाऱ्या बाईच्या पोटात कालवाकालव व्हावी. तिला आयुष्य फार कमी लाभलं, १३ डिसेंबर १९८६ ला वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. महिला मंडळाच्या भगिनींना आमची विनंती आहे, हा चित्रपट सगळ्यांनी मिळून बघा आणि सुलभा चुकली की घर चुकलं, यावर मोकळेपणी बोला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडलं ते कशासाठी, हे मग वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

१९९४ चा ‘मुक्ता’ हा वरच्या जातीच्या घरातली मुलगी आणि दलित कार्यकर्ता यांच्या प्रेमाचा. मुलगी अमेरिकेहून आलेली, तिचा एक काळा अमेरिकन मित्रही गोष्टीत येतो. म्हणजे तिकडचा वर्णभेद आणि इकडचा जातिभेद समोरासमोर ठेवले आहेत. राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार याला मिळाला. चांगला चित्रपट आहे. तरी आमची एक तक्रार आहे. गोष्ट दलित तरुणाची, पण आपण ती बघतो मोठ्या वाड्याच्या दारात उभं राहून. त्या तरुणाच्या आईच्या चुलीपाशी कॅमेरा तितका वेळ बसत नाही. प्रेमाची माणसं असली तरी त्यांच्या उणिवा बोलायच्या नाहीत, हा बुद्धाचा मार्ग नव्हे.

आणि आता ज्या चित्रपटासाठी आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत, तो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. बाबासाहेबांची जन्मशताब्दी १९९१ साली झाली. चित्रपट लोकांसमोर आला तो २००० साली. केंद्र सरकार, महाराष्ट्र शासन आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ यांच्या पैशातून तो उभा राहिला. पटकथेच्या कामात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि आपले ‘बलुतं’कार दया पवार होते. दया पवारांना हा चित्रपट पडद्यावर बघायला मिळाला नाही, ते १९९६ च्या डिसेंबरमध्ये गेले. गांधीजींची भूमिका करणारे मोहन गोखलेही १९९९ साली, चित्रपट येण्याआधी गेले. रमाई झाली सोनाली कुलकर्णी. माईसाहेब झाल्या मृणाल देव-कुलकर्णी. छायाचित्रण अशोक मेहता यांचं. जुना काळ उभा केला नितीन चंद्रकांत देसाई यांनी.

बाबासाहेब कोण करणार हा मोठा प्रश्न होता. ती भूमिका केली केरळचे मल्याळी नट मामुट्टी यांनी. ते स्वतः कायद्याचे पदवीधर. बघा बंधूंनो, दिग्दर्शक मुसलमान घरातला, नायक केरळचा मुसलमान, लिहिणाऱ्यांत एक पारशी बाई, आणि दया पवारांसारखा आपला माणूस. बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी, असं जे आजही बोलतात त्यांना एवढी यादी दाखवली तरी पुरे. मामुट्टींना या भूमिकेसाठी १९९८ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रजी भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कला दिग्दर्शन हे पुरस्कारही मिळाले.

चित्रपट कोलंबिया विद्यापीठातल्या तरुण भीमरावापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत जातो. त्यातला महाडचा प्रसंग आपण सगळ्यांनी मुलांना जवळ बसवून दाखवावा. २० मार्च १९२७, चवदार तळं. बाबासाहेब पाण्याला हात लावतात. पाणी तेच, कुत्र्या-मांजराला चालणारं. आपल्या शहापूर तालुक्याचं पाहा. तानसाचं धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं. पुढे भातसा आलं. मुंबईच्या नळाला शहापूरचं पाणी येतं आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. चवदार तळं महाडला संपलं नाही. ते फक्त जागा बदलत राहिलं. चित्रपट बघून जर आपल्याला हे सुचत नसेल, तर आपण पडद्याला हार घालून परत आलो असं समजावं.

पुणे कराराचा भागही असाच. २४ सप्टेंबर १९३२. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण, बाहेर देशभरचा दबाव आणि मध्ये एकटे बाबासाहेब. दिग्दर्शकाला दोन्हीकडच्या लोकांना खूश ठेवता आलं असतं. पण बाबासाहेबांच्या मनावरचं ओझं आपल्याला दिसेल अशा रीतीने त्यांनी तो प्रसंग उभा केला. घराघरात तसबिरीत बसलेले बाबासाहेब इथे चिडतात, थकतात, मुलाच्या मरणाने हादरतात, रमाईसमोर गप्प होतात. काहींना हे खटकलं. आम्हाला उलट बरं वाटलं. देव केलेल्या माणसाची पूजा होते, अनुकरण होत नाही. खुद्द बाबासाहेबांनी विभूतिपूजेपासून सावध केलेलं आहे. जो माणूस आपल्यासारखाच थकतो आणि तरीही रात्रभर वाचत बसतो, त्याच्यामागून चालता येतं.

या चित्रपटाबद्दलही एक बोललं पाहिजे. तो मुळात इंग्रजीत झाला. जगापुढे बाबासाहेब जावेत म्हणून ते योग्यच, बाबासाहेबांचे मोठे ग्रंथही इंग्रजीतच आहेत. पण ज्या माउलींनी अनवाणी चालत जाऊन दीक्षा घेतली, त्यांना तो कळायचा कसा? पुढे तो हिंदीत आणि इतर भाषांत आणला गेला, तरी थिएटरात आपल्या माणसाला सहज बघायला मिळावा अशी व्यवस्था धड झाली नाही. तमिळ भाषेतली प्रत थिएटरात यायला २०१० साल उजाडलं. सरकारी पैशाने चित्रपट होतो, पण सरकारी पायाने तो फार हळू चालतो. म्हणून तो गावोगाव नेणं हे आपल्यासारख्या विहारांचं काम आहे. आज चौदा एप्रिलला तो लावला जातो, पण कसा? बाहेर डीजे चालू, आत पडद्यावर बाबासाहेब बोलतायत आणि समोर पाच-सात खुर्च्या. हे बदललं पाहिजे.

जब्बार पटेल पुढेही काम करत राहिले. १९९२ च्या ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांनी लक्ष्मीकांत बेर्डेसारख्या विनोदी नटाकडून तमाशातल्या कलावंताचं दुःख काढून घेतलं. २०१४ मध्ये यशवंतराव चव्हाणांवर चित्रपट केला. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव उभा केला. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. दौंडच्या बालरोगतज्ज्ञाचा हा एवढा प्रवास. त्यात आम्हाला डॉक्टरीचाच गुण दिसतो. लहान मूल बोलू शकत नाही, दुखतं कुठे सांगू शकत नाही. डॉक्टरला ते बघून, हात लावून ओळखावं लागतं. समाजातल्या न बोलणाऱ्यांचं दुखणं त्यांनी असंच ओळखायचा प्रयत्न केला.

पण मित्रांनो, डॉक्टर कितीही चांगला असला तरी दुखणं ज्याचं असतं त्यानेही एक दिवस बोलायला शिकलं पाहिजे. ते बोलणं आता सुरू झालं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात जेऊर गाव आहे. तिथल्या वडार समाजातल्या घरातला मुलगा नागराज मंजुळे. त्यांनी २०१३ साली ‘फँड्री’ केला. त्यात शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांची, जोतिबांची चित्रं आहेत आणि त्याच भिंतीसमोरून एक शाळकरी पोरगा आपल्या कुटुंबाबरोबर मारलेलं डुक्कर वाहून नेतो. शेवटी तो पोरगा दगड भिरकावतो तो सरळ आपल्याकडे, बघणाऱ्याकडे. त्यानंतर २०१६ ला ‘सैराट’ आला, २०२२ ला ‘झुंड’. ‘सामना’मध्ये मारुती कांबळेबद्दल दुसरा कोणीतरी विचारत होता. ‘फँड्री’त मारुती कांबळेच्या जागचा पोरगा स्वतः उभा राहिला. या दोन चित्रपटांमध्ये अडतीस वर्षं गेली. पहिल्याने वाट केली म्हणून दुसरा चालू शकला, असं आम्ही मानतो.

आता आपल्या विहाराने काय करावं, एवढं सांगून थांबतो. नुसतं भाषण करून जाणं आमच्या स्वभावात नाही.

पहिली गोष्ट. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर, रीतसर परवानगी घेऊन एक चांगला चित्रपट याच सभागृहात दाखवावा. सुरुवात ‘सामना’पासून करावी. चित्रपट संपल्यावर दिवे लावून अर्धा तास बोलायचं. पहिल्यांदा बायांनी बोलायचं, मग पोरांनी आणि पुढाऱ्यांनी सर्वांत शेवटी.

दुसरी गोष्ट. ‘जैत रे जैत’ दाखवू तेव्हा शेजारच्या ठाकरवाडीचं आणि कातकरवाडीचं आमंत्रण आठवड्याआधी, माणूस पाठवून करावं. जेवण त्यांच्यासोबत, एका पंगतीत. चित्रपटात त्यांचं जगणं खरं दाखवलं की खोटं, हे त्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. जब्बार पटेलांच्या तरुणपणी कॅमेऱ्यासाठी निर्मात्याच्या दारात जावं लागायचं. आपल्या दोन्ही तालुक्यांत अजून काही म्हातारी माणसं आहेत, ज्यांना १९५६ नंतरचे धर्मांतराचे दिवस आठवतात. कोणत्या घरातले देव पहिल्यांदा बाहेर गेले, विहिरीवर काय झालं, पोराला शाळेत कुठे बसवलं. त्यांच्यापुढे बसा, कॅमेरा सुरू करा, आणि घाई न करता विचारा. त्यांची माहिती घेऊन विहारात जपून ठेवा. पुढच्या वर्धापन दिनाला असं निदान दहा माणसांचं बोलणं आपल्याजवळ असलं पाहिजे. ही माणसं गेली की त्यांचंही मारुती कांबळेसारखंच होईल, आणि मग विचारायला कोणी मास्तर येणार नाही.

 विहाराला आणि आपणा सर्वांना वर्धापन दिनाच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!